देवराई

देवराई म्हणजे गावाने ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले रान. कोकणात तिला देवरहाटी किंवा नुसती राई म्हणतात. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आणि गोव्यातही देवराया आहेत. काही चार-दोन झाडांच्या, काही अनेक एकरांच्या. वाघजाई, काळकाई, भैरव, वेताळ, म्हसोबा ही त्यांतली नेहमीची दैवते.

रान देवाचे, त्यातली काडीही उचलायची नाही, एवढाच मूळ नियम. तो मोडला तर देव कोपतो, घरात आजारपण येते, गुरे दगावतात, असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. राईत कुऱ्हाड घातलेल्या कोणाचे तरी पुढे काय झाले, ही गोष्ट गावातल्या पोरालाही ठाऊक असते. म्हणूनच पगारी राखणदाराशिवाय ही राने टिकली. नियम कडक पाळणाऱ्या राईत उन्मळून पडलेले झाडही जागच्या जागी कुजू देतात. देवळाच्या दुरुस्तीला लाकूड हवे असेल, तर गुरव कौल लावतो: मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या किंवा तांदूळ चिकटवून देवाला विचारायचे. उजवीकडचे आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. नकार आला की विषय संपला.

भोवतालचे डोंगर राबासाठी (भाताच्या रोपांची जमीन भाजायला लागणाऱ्या फांद्या-पाल्यासाठी) आणि कोळशासाठी उघडे पडले, तिथेही राईत गारंबीचे अजस्र वेल, सातवीण, बेहडा उभे दिसतात. जुन्या झाडांच्या ढोलीत महाधनेश घरटे करतो. पालापाचोळ्याच्या जाड थरात पाणी मुरते, आणि कित्येक राईंतल्या झऱ्यांवर खालच्या वाड्यांचे पाणी अवलंबून असते. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या रानांचा पद्धतशीर अभ्यास केला, त्यानंतर अभ्यासकांचे लक्ष इकडे वळले.

श्रद्धा आटली म्हणूनच राई तुटते, असे सरसकट म्हणता येत नाही. पूर्वी कित्येक ठिकाणी देवाला छप्पर चालत नाही, तो झाडांखालीच राहतो, अशी समजूत होती. आता भक्ती तेवढीच, पण तिचे ठिकाण देऊळ झाले आहे. चाकरमान्यांच्या वर्गणीतून जीर्णोद्धार निघतो. कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचा सभामंडप, गाडी वळवायला मोकळी जागा आणि दारापर्यंत रस्ता होतो. त्यासाठी झाडे पाडताना देव कोपेल असे फारसे कोणाला वाटत नाही, कारण काम देवाचेच असते. नुसते कुंपण घालणाऱ्या संवर्धन योजनांनी हा बदल नीट समजून घ्यायला हवा.