अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० आणि रोसुव्हास्टॅटिन १०: आकडा एक, ताकद वेगळी

औषधाच्या दुकानात रोसुव्हास्टॅटिन १० मिलीग्रॅम संपलेली असते. काउंटरवरून अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० पुढे येते आणि सांगितलं जातं, ‘कोलेस्टेरॉलचीच आहे, दहाचीच आहे.’ दोन्ही गोळ्या स्टॅटिन गटातल्या आहेत, हे खरं. पण या दोन दहांची ताकद सारखी नाही, आणि त्या शरीरात ज्या वाटेने जातात त्या वाटाही वेगळ्या आहेत. हृदयाच्या रुग्णासाठी हा फरक किरकोळ नाही.

काम दोघींचं एकच. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतलं एक विकर (एन्झाइम) त्या अडवतात. कोलेस्टेरॉल कमी पडू लागलं की यकृताच्या पेशी रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जास्त प्रमाणात ओढून घेतात आणि रिपोर्टमधला आकडा खाली येतो. फरक आहे तो किती मिलीग्रॅमला किती आकडा उतरतो यात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या स्टेलर या सहा आठवड्यांच्या चाचणीत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० ने एलडीएल सरासरी ३७ टक्के घटलं, रोसुव्हास्टॅटिन १० ने ४६ टक्के. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्या २० ला ४३ टक्के, ४० ला ४८ आणि ८० ला ५१ टक्के घट दिसली. म्हणजे रोसुव्हास्टॅटिन १० च्या जोडीला अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची २० ते ४० ची गोळी बसते, १० ची नाही. मुळात १६० एलडीएल असलेल्या माणसाचा हिशेब मांडला तर रोसुव्हास्टॅटिनच्या दहाने आकडा ८६ च्या आसपास येईल, दुसऱ्या दहाने १०१ वर थांबेल. ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे आणि ज्याला ७० च्या, बऱ्याचदा ५५ च्याही खाली जायचं आहे, त्याच्यासाठी ही मागे सरकणारी पायरी आहे. उलटी अदलाबदलही चूकच: अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० च्या जागी रोसुव्हास्टॅटिन ४० दिली तर रुग्ण थेट त्या औषधाच्या कमाल डोसवर जातो.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. डोस दुप्पट केला तरी घट साधारण ६ टक्क्यांनीच वाढते. बहुतेक काम पहिल्या डोसमध्येच होतं. म्हणून मोठ्या डोसनेही आकडा हटत नसेल तर स्टॅटिन वाढवत नेण्यापेक्षा आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं रोखणाऱ्या एझेटिमाइबची १० मिलीग्रॅमची गोळी जोडणं जास्त उपयोगी पडतं.

मग रोसुव्हास्टॅटिन सरसकट चांगली का? नाही. निवड ठरते ती किडनी आणि सोबतच्या औषधांवर. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन मुख्यतः यकृतातून निकामी होते, त्यामुळे किडनीचा आजार असला तरी तिचा डोस बदलावा लागत नाही. रोसुव्हास्टॅटिनचं तसं नाही. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा, ३० च्या खाली गेला आणि डायलिसिस सुरू नसेल, तर सुरुवात ५ ने आणि कमाल १०. मधुमेहामुळे किडनीवर परिणाम झालेल्यांनी गोळी बदलण्याआधी ताजा क्रिएटिनिन डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची अडचण दुसरीकडे आहे. यकृतातलं जे विकर तिला मोडतं, त्यालाच काही औषधं रोखून धरतात; मग गोळी तीच, पण रक्तातलं तिचं प्रमाण वाढत जातं. आपल्याकडे याची दोन नेहमीची उदाहरणं आहेत. गजकर्णासाठी आठवडेच्या आठवडे चालणारं इट्राकोनॅझोल, आणि पोटातल्या अल्सरच्या जंतूंसाठी चौदा दिवसांचा कोर्स, ज्यात बहुधा क्लॅरिथ्रोमायसिन असतं. यांच्यासोबत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० च्या वर जाऊ नये. अनेक डॉक्टर तेवढे दिवस ती थांबवतात किंवा बदलतात. त्वचेच्या डॉक्टरांना हृदयाची औषधं सांगायची राहून जातात आणि घोळ तिथेच होतो. परदेशात न्याहारीला ग्रेपफ्रूटचा रस घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं: रोज लिटरभराहून जास्त रस पोटात गेला तर परिणाम तसाच होतो.

रोसुव्हास्टॅटिनला या दोन औषधांचा फारसा त्रास नाही. पण अ‍ॅसिडिटीसाठीचं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ औषध तिच्यासोबत घेतलं तर ती निम्मीच अंगी लागते. गोळी आधी, अँटासिड दोन तासांनी. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर रोसुव्हास्टॅटिन सुरू करताना आणि डोस बदलताना आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेळेचा आकडा, तपासावा.

आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनचं प्रमाण गोऱ्या लोकांच्या साधारण दुप्पट आढळलं आहे. म्हणून अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात आशियाई रुग्णांसाठी सुरुवात ५ मिलीग्रॅमने सांगितली आहे. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी माणसाला थेट २० ची गोळी लिहून मिळाली तर हा मुद्दा डॉक्टरांसमोर काढण्यात संकोच नको.

दीर्घकाळात कोणती तारते? दक्षिण कोरियातल्या लोडस्टार चाचणीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या ४४०० जणांना तीन वर्षं पाहिलं गेलं. निकाल २०२३ साली आले. मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात आणि पुन्हा कराव्या लागलेल्या प्रक्रिया, यांत दोघींत फरक निघाला नाही. रोसुव्हास्टॅटिनने एलडीएल थोडं जास्त उतरवलं, पण औषध लागेल असा नवा मधुमेह तिच्या गटात ७.२ टक्के जणांना झाला, दुसऱ्या गटात ५.३. साखर सीमारेषेवर असलेल्यांनी हा फरक डॉक्टरांशी बोलावा. त्यासाठी गोळी सोडू नये; अटॅक टाळण्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे.

घेण्याची वेळ दोघींसाठी मोकळी आहे. दोन्ही शरीरात बराच वेळ टिकतात, त्यामुळे सकाळ चालते, रात्रही चालते, जेवणाचं बंधन नाही. रात्रीच घ्यायचा नियम सिमव्हास्टॅटिनसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळ्यांचा. दोन्ही मांड्या, पोटऱ्या किंवा खांदे सारखेच दुखू लागले तर सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) आणि थायरॉइड तपासतात. लघवी चहासारखी गडद झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. गर्भधारणा ठरवत असाल किंवा राहिली असेल तर दोन्हींबाबत लगेच विचारावं. बहुतेक वेळा त्या बंद केल्या जातात.

शेवटचा गोंधळ पाकिटावरच्या नावांचा, आणि तो सर्वांत जास्त घात करतो. इकोस्प्रिन एव्ही ७५ मधले ७५ अ‍ॅस्पिरिनचे असतात. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किती आहे ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. ही कॅप्सूल चालू असताना वेगळी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन घेतली तर एकाच दिवशी दोन स्टॅटिन पोटात जातात. नावापुढे ‘एफ’ असेल तर सहसा सोबत ट्रायग्लिसराइड कमी करणारं फेनोफायब्रेट असतं, ‘गोल्ड’ असेल तर बहुधा रक्ताच्या गुठळ्या रोखणारी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. म्हणून पर्यायी पाकीट हातात आलं की मागची घटकांची ओळ चिठ्ठीशी ताडून पाहावी: घटकाचं नाव आणि त्यापुढचे मिलीग्रॅम, दोन्ही. जुळत नसेल तर डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून डोस विचारून घ्यावा, आणि गोळी खरंच बदलली तर चार ते बारा आठवड्यांत लिपिड प्रोफाइल पुन्हा करावं.