आकृतिबंध (वास्तुसमीक्षा व सॉफ्टवेअररचना)

आकृतिबंध म्हणजे वारंवार उद्भवणाऱ्या अडचणीवरचा, नाव मिळालेला आणि जागेनुसार वळवून घेता येणारा तोडगा. सॉफ्टवेअरवाले यालाच डिझाइन पॅटर्न म्हणतात.

गोव्यातल्या जुन्या घराच्या दारापुढचे बाल्कांव हे याचे जवळचे उदाहरण. चार-पाच पायऱ्या, वर कौलांचे छप्पर आणि दोन्ही अंगांना समोरासमोर बांधलेले सोपे, म्हणजे बसायची पक्की बाके. तिन्हीसांजेला घरची माणसे तिथे टेकतात, वाटेने जाणाऱ्याची विचारपूस होते, पाऊस आला तर तोही वर चढून थांबतो. बाल्कांवाचा आकार घरागणिक बदलतो, पण घर आणि रस्ता यांना न तोडता वेगळे ठेवायचे ही गरज सगळीकडे एकच.

अशा गरजांची पद्धतशीर मांडणी वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर (१९३६–२०२२) यांनी केली. १९६४ च्या ग्रंथात त्यांनी एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजा नोंदवून त्यांचे परस्परसंबंध तपासले. १९७७ मध्ये सहकाऱ्यांसह २५३ आकृतिबंधांचा कोश काढला. सहा फुटांपेक्षा अरुंद सज्जा कुणी फारसा वापरत नाही, दारापाशी बसायला बाक हवा, अशा साध्या निरीक्षणांनी तो भरलेला आहे. खरे तर ही समीक्षाच आहे. इमारत दिसते कशी यापेक्षा तिथे माणूस रमतो का, हे ती विचारते.

१९९४ मध्ये चार लेखकांनी सॉफ्टवेअरसाठी २३ आकृतिबंध प्रसिद्ध केले. नाव, अडचण, तोडगा, परिणाम ही मांडणी अलेक्झांडर यांच्याच वळणाची. त्यातल्या एकाचे ‘फसाड’ हे नाव तर थेट इमारतीच्या दर्शनी भागाचे.

दोन्हीकडची चूकही सारखीच. भाड्याने द्यायच्या नव्या व्हिलांना हौसेने बाल्कांव जोडलेले दिसते. समोर उंच कुंपणभिंत, पलीकडे तरणतलाव आणि सोप्यांवर कुंड्या. रूप आले, पण रस्ताच नाही. एखादी वस्तू एकच ठेवणाऱ्या ‘सिंगल्टन’ या सॉफ्टवेअरच्या आकृतिबंधाचे तेच होते. अख्ख्या प्रणालीत एखादी वस्तू एकच असावी, अशी गरज नसताना केवळ कुठूनही हाताशी येते म्हणून तो वापरला, की कोडचे भाग छुपेपणाने एकमेकांत गुंततात आणि एकेकट्याची चाचणी घेणे अवघड होते. अशा वेळी समीक्षकाने आधी गरज शोधावी, मग रचनेकडे पाहावे.

साम्य मात्र पुढे तुटते. बाल्कांवात कुणीही बसून पाहू शकतो, कोड वापरणाऱ्याच्या नजरेला पडतच नाही. १९९६ मध्ये सॅन होजे इथे संगणकतज्ज्ञांपुढे बोलताना अलेक्झांडर यांनी हेच विचारले, की या आकृतिबंधांनी माणसांचे जगणे सुधारते का? मला हा प्रश्न या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो. त्याच्या सर्वांत जवळ पोचलेला प्रयोग आधीच, १९८७ मध्ये झाला होता. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या सॉफ्टवेअरकारांनी पाच आकृतिबंध हाती देऊन संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्या त्या वापरणाऱ्यांकडूनच आखून घेतल्या.