विकास आराखडा (महाराष्ट्र)

शहरातील कोणत्या जमिनीवर घरे उभी राहतील आणि कोणती जागा रस्ता, शाळा, बाग वा दवाखान्यासाठी राखली जाईल, हे ठरवणारा कायदेशीर नकाशा व त्याची नियमावली. बोलीभाषेत ‘डीपी’. त्याचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. नकाशात निवासी पट्टा पिवळा दिसतो. म्हणूनच शेतजमीन निवासी विभागात आली की लोक ‘जमीन यलो झोनमध्ये गेली’ म्हणतात. भूखंडावर किती बांधकाम करता येईल, हे मुख्यतः चटई क्षेत्र निर्देशांकावर (एफएसआय; एकूण बांधकाम भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट, तो आकडा) ठरते.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागवल्या जातात. महापालिकेच्या स्थायी समितीचे सदस्य आणि नेमलेले तज्ज्ञ यांची नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. पुढे तो सर्वसाधारण सभेत जातो. आरक्षणे (सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागा) कुठे राहतात, कुठे उठतात, यावरून खरी खडाजंगी इथेच होते. नगरसेवकांनी मंजूर केले तरी अंतिम मंजुरी राज्याच्या नगरविकास विभागाचीच. मंजुरीनंतरही कलम ३७ खाली फेरबदल करता येतात, त्यामुळे आराखडा मंत्रालयातून परतला तरी स्थिर झाला असे समजू नये.

मुंबईचा फेब्रुवारी २०१५ चा प्रारूप आराखडा स्थानकांभोवती ८ पर्यंत एफएसआय सुचवत होता. पण त्यात चुका इतक्या निघाल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द करून नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, महापालिकेने तो जुलै २०१७ मध्ये आणि सरकारने मे २०१८ मध्ये मंजूर केला. परवडणाऱ्या घरांसाठी ना-विकास क्षेत्र (जिथे एरवी बांधकामाला मोकळीक नसते) व मिठागरांच्या जमिनी खुल्या करण्याचा त्यातील निर्णय आजही वादाचा आहे, आणि पावसाचे पाणी जिरवणाऱ्या जागांबाबत तो वाद रास्तच आहे. पुण्यात जुन्या हद्दीचा आराखडा २०१५ मध्ये सरकारने महापालिकेकडून काढून घेतला. मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. मार्च २०२२ मध्ये दोन्ही शहरांत नगरसेवकांची मुदत संपली आणि सभेचे अधिकार प्रशासकाकडे गेले.

आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना (जागा विकत घ्या, अशी नोटीस) बजावू शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचे पाऊल न उचलल्यास आरक्षण रद्द होते. कित्येक वस्त्यांची मैदाने अशीच हातची गेली आहेत.