ताणजन्य रक्तशर्करावृद्धी (वृद्धांतील)

आजारपण, शस्त्रक्रिया, अपघात, शोक, भीती किंवा दीर्घकाळची काळजी यांमुळे रक्तातील ग्लुकोज वाढण्याची अवस्था. मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या व्यक्तींत ती आढळते. रुग्णालयात दाखल असलेल्या व्यक्तीची रक्तशर्करा १०० मिलि. मागे १४० मिग्रॅ.च्या वर गेल्यास ती वाढलेली मानतात. त्याच वेळी एचबीए१सी (दीर्घकाळची शर्करा दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांहून कमी असेल, तर जुना मधुमेह नसून ताणाचा परिणाम असण्याचा संभव अधिक.

इतिहास : मनस्ताप आणि मधुमेह यांचा संबंध प्रथम कोणी ओळखला, याविषयी मतभेद आहेत. चरकसंहितेच्या (आजचे रूप बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले, दृढबल या संपादकाची भर त्यानंतरची) निदानस्थानात वातज प्रमेहाच्या (वातदोषाने होणाऱ्या मूत्रविकाराच्या) कारणांत उपवास, अभिघात व जागरण यांच्याबरोबर उद्वेग आणि शोकही सांगितले आहेत. मधुमेह हा वातज प्रमेहांपैकीच एक असल्याने काही वैद्य या शोधाचे श्रेय चरकाला देतात. मात्र प्रमेह ही वीस प्रकारांची व्यापक संज्ञा आहे आणि चिकित्सास्थानातील परिचित श्लोकात बैठे सुख, झोप, दही, नवे धान्य व गुळाचे पदार्थ यांनाच दोष दिला आहे. तेव्हा निरीक्षण जुने आहे, एवढेच म्हणणे योग्य ठरेल. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यानेही दीर्घ दुःखाला मधुमेहाचे एक कारण मानले होते.

प्रयोगाचा निकष लावल्यास आरंभ क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकापासून धरावा लागतो. १८४९ मध्ये सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचल्यावर त्याच्या मूत्रात साखर उतरल्याचे त्याने दाखवले. १९११ मध्ये अमेरिकेत वॉल्टर कॅनन व सहकाऱ्यांना घाबरलेल्या मांजरांच्या मूत्रात साखर सापडली. अधिवृक्क (मूत्रपिंडांवरील) ग्रंथी काढलेल्या मांजरांत ती सापडली नाही. कॅननची दुसरी नोंद अधिक बोलकी आहे. १९१३ च्या हंगामातील अखेरच्या चुरशीच्या सामन्यानंतर हार्वर्डच्या २५ फुटबॉलपटूंची तपासणी झाली, तेव्हा १२ जणांच्या मूत्रात साखर होती आणि त्यांतले पाच राखीव खेळाडू मैदानात उतरलेच नव्हते. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात आपल्या मल्लाची कुस्ती श्वास रोखून पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही.

कार्यपद्धती : ताणाची जाणीव होताच अधिवृक्क ग्रंथीतून अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते. त्याने यकृतातील ग्लायकोजेनचे (साठवलेल्या शर्करेचे) ग्लुकोज होते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणे मंदावते. तास-दिवसांच्या टप्प्यात कॉर्टिसॉल या त्याच ग्रंथीतील संप्रेरकाचा प्रभाव वाढतो. ते यकृताला नवे ग्लुकोज बनवायला लावते आणि स्नायूंवरील इन्सुलिनचा परिणाम कमी करते.

उतारवयात स्नायू घटलेले असतात, इन्सुलिनचा साठा तोकडा पडतो आणि वाढलेले कॉर्टिसॉल खाली यायला वेळ लागतो. त्यातच सांधेदुखी किंवा दम्यासाठी स्टेरॉइड चालू असतात. वयाबरोबर मूत्रात साखर उतरण्याची पातळीही चढते (तरुणांत सुमारे १८० मिग्रॅ.), म्हणून केवळ लघवीच्या तपासणीवर विसंबणे घातक होय. तहान कमी लागत असल्याने संसर्गाच्या वेळी शरीर कोरडे पडून शर्करा ६०० मिग्रॅ.च्या पुढे जाऊ शकते. गुंगी हे अनेकदा त्याचे पहिले लक्षण असते आणि घरचे ते म्हातारपण समजून सोडून देतात.

कोल्हापूर परिसर : पंचगंगेला २००५, २०१९ व २०२१ मध्ये मोठे महापूर आले. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळचे पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेले. आंबेवाडी, प्रयाग चिखली, शिरोळकडील गावे सोडताना वृद्धांचा जीव गोठ्यातल्या जनावरांत अडकलेला असतो. ‘आजीनं धसका घेतला आणि शुगर चढली’ असे घरचे सांगतात, त्यात तथ्य आहे. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर बाधित भागातील मधुमेहींचे एचबीए१सी वाढल्याचे जपानमध्ये नोंदवले गेले. परंतु धसका एकटा येत नाही. गोळ्यांची पिशवी घरात राहते, जेवणाची वेळ चुकते, चालणे थांबते, पायाची जखम चिखलात चिघळते. सर्व दोष मनाला दिला, की ती जखम पाहायची राहून जाते.

निदान व उपचार : एकाच मोजणीवरून वृद्धाला आयुष्यभराचा मधुमेही ठरवू नये. आजार ओसरल्यावर तपासणी पुन्हा करावी. एचबीए१सी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते; मात्र पांडुरोगात किंवा रक्त दिल्यानंतर ती फसवी ठरते. मोजणीआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. गुऱ्हाळात काहिलीपाशी बसलेल्या आजोबांच्या बोटाला गुळाची चिकटी असते. तिथेच सुई टोचल्यास यंत्र भलताच मोठा आकडा दाखवते आणि आजोबा विनाकारण हबकतात.

अतिदक्षता विभागात शर्करा किती खाली आणावी, यावर बराच वाद झाला. २००१ मधील बेल्जियमच्या संशोधनाने ८० ते ११० मिग्रॅ.चा आग्रह धरला. २००९ मधील सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘नाइस-शुगर’ चाचणीत मात्र इतक्या कडक नियंत्रणाखालील गटात मृत्यू अधिक झाले. आता बहुतेक रुग्णांसाठी १४० ते १८० मिग्रॅ. इष्ट मानतात आणि वृद्धांच्या बाबतीत हीच सावध भूमिका पटते.

ताणाने शर्करा घसरूही शकते. काळजीने जेवण टळले आणि ग्लिमेपिराइडची (इन्सुलिन स्रवायला लावणारी) गोळी मात्र घेतली, तर शर्करा ७० मिग्रॅ.च्या खाली जाऊ शकते. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब व हृदयविकारावरील औषधे) घेणाऱ्यांना अशा वेळी धडधड फारशी जाणवत नाही, घाम तेवढा फुटतो. आजारात वाढवलेले इन्सुलिन आजार उतरल्यावर कमी करावे लागते. घरी सोडतानाच्या चिठ्ठीवर ते कधी व किती कमी करायचे, हे मराठीत लिहून नातेवाइकांना वाचून दाखवावे.