कृष्णविवर सगळं गिळत सुटत नाही हो!

कृष्णविवर म्हणजे अवकाशातला व्हॅक्यूम क्लीनर, आसपासचं सगळं सुर्रकन आत, हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की विचारू नका. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं (त्रिज्या जेमतेम 3 किमी!) तर आपण गारठून मरू हे खरं, पण पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. आणि ते 'कृष्णविवराचा तुमच्या राशीवर परिणाम'वाले व्हिडिओ बघत असाल तर ऐका, आपल्याला माहीत असलेलं सगळ्यात जवळचं कृष्णविवर, गाया बीएच1, सुमारे 1560 प्रकाशवर्षं लांब आहे. निवांत झोपा.

खरी गंमत अगदी जवळ गेल्यावर. न्यूटनच्या हिशोबात कितीही जवळ जा, वेग पुरेसा असला की कक्षा मिळते, कारण कोनीय संवेग (म्हणजे गोल फिरण्याचा जोर) तुम्हाला आत पडू देत नाही. आइन्स्टाइनच्या गणितात मात्र एक जास्तीची ओढ येते, लांबून ती जाणवतही नाही पण अंतर कमी होईल तशी इतक्या झपाट्याने वाढते की एका टप्प्यावर कोनीय संवेग हात टेकतो. तिथे शेवटची स्थिर कक्षा. 10 सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या, स्वतःभोवती न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी ती साधारण 89 किमीवर येते, आणि कृष्णविवराभोवती फिरणारा तिथला वायू सेकंदाला 220 फेऱ्या मारतो! त्याच्या आत गेलात की मग काही खरं नाही.

आता कृष्णविवरालाच फिरकी द्या. याचं गणित 1963 मध्ये न्यूझीलंडच्या रॉय कर यांनी सोडवलं. फिरणारं कृष्णविवर आजूबाजूचं अवकाशच सोबत ओढत नेतं, त्यामुळे त्याच्याच दिशेने फिरणाऱ्या वायूला फुकटात मदत मिळते आणि शेवटची कक्षा आत सरकते, फिरकी कमाल असेल तर पार 15 किमीपर्यंत, उलट दिशेने फिरणाऱ्याची मात्र 133 किमीवर जाते. वायू जितका खोल उतरेल तितकी जास्त ऊर्जा बाहेर टाकतो: हायड्रोजनच्या संमीलनात (अणुकेंद्रं एकत्र येण्यात, सूर्य ज्यावर चालतो त्यात) वस्तुमानाचा 0.7 टक्के भाग ऊर्जा होतो, फिरकी नसलेल्या कृष्णविवराभोवती 5.7 टक्के, आणि कमाल फिरकीला तत्त्वतः 42!

ही फिरकी मोजायची कशी? वायूतलं लोखंड 6.4 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं, वर्णपटात त्यांची एक रेषा दिसते. कक्षा जितकी आत तितकी ती रेषा गुरुत्वाकर्षणाने कमी ऊर्जेकडे फरफटत जाते, त्या फरफटीवरून वायूची आतली कडा, म्हणजे ती शेवटची कक्षा, किती आत आहे ते कळतं, आणि कडेवरून फिरकी. जीआरएस 1915+105 या कृष्णविवराजवळून येणारे क्ष-किरण तर कधीकधी सेकंदाला जवळपास 67 वेळा लुकलुकतात, आणि हे आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या खगोलीय उपग्रहावरच्या, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनलेल्या लॅक्सपीसी या क्ष-किरण उपकरणानेही टिपलंय. ही लय आतल्या कडेशी जोडलेली असावी असा अंदाज आहे, पण नेमकी कशी यावर अजून भांडणं चालू आहेत.