संकेतस्थळ विद्रूपीकरण

संकेतस्थळाच्या मालकाच्या संमतीवाचून त्यावरील मजकूर किंवा चित्रे बदलून तेथे स्वतःचा संदेश झळकवणे, या कृतीला संकेतस्थळ विद्रूपीकरण म्हणतात. हॅकरांच्या बोलीत त्यासाठी 'डिफेस करणे' असा सुटसुटीत शब्द आहे. माहिती चोरणाऱ्याला आपला शिरकाव शक्य तितका काळ लपून राहावा असे वाटते. विद्रूपीकरण करणाऱ्याला मात्र आपले कृत्य लोकांना दिसावे एवढेच हवे असते. रातोरात भिंतीवर घोषणा रंगवणाऱ्याशी त्याची तुलना नेहमी केली जाते. ती बरीचशी पटण्यासारखी असली, तरी भिंत रंगवणारा आधी भिंत निवडतो. येथे पुष्कळदा उघडी भिंत आधी सापडते आणि घोषणा मागाहून सुचते. हेतूंचा विचार करताना हा क्रम लक्षात ठेवावा लागतो.

शिरकावाच्या वाटा फारशा गूढ नाहीत. वेळेवर अद्ययावत न केलेले सॉफ्टवेअर किंवा प्लगइन (त्याला जोडलेला पूरक प्रोग्रॅम), सहज ओळखता येणारा वा चोरीला गेलेला पासवर्ड, भेट देणाऱ्याने भरलेला मजकूर न तपासता थेट डेटाबेसकडे, म्हणजे माहितीच्या साठ्याकडे, सोपवणारा फॉर्म, चित्राऐवजी प्रोग्रॅमची फाइलही निमूटपणे स्वीकारणारी अपलोडची सोय, यांपैकी एखादी त्रुटी पुरते. कधी सर्व्हरला, म्हणजे संकेतस्थळ साठवून ते वाचकांना पुरवणाऱ्या संगणकाला, हातही न लावता डीएनएसमधील (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेतील) नोंद बदलून वाचकांना भलत्याच पानावर नेले जाते. मूळ संकेतस्थळ जागच्या जागी सुरक्षित असते, पण तेथे कोणी पोहोचत नाही. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदत असतील, तर एक कुलूप तुटताच सगळीच घरे उघडी पडतात. जुलै १९९८ मध्ये इतरांची संकेतस्थळे आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या एका होस्टिंग कंपनीमार्फत ३०० हून अधिक संकेतस्थळांवर एकाच वेळी अण्वस्त्रविरोधी संदेश लावला गेला, तो असाच. त्या संकेतस्थळांच्या मालकांचा अण्वस्त्रांशी काहीही संबंध नव्हता.

राजकीय निषेध हा या प्रकाराचा सर्वांत ठळक आणि सर्वांत जास्त चर्चिला गेलेला हेतू आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाच्या संकेतस्थळाचे नाव बदलून 'अन्याय विभाग' असे करण्यात आले. इंटरनेटवरील मजकुरावर निर्बंध घालणाऱ्या त्या वर्षीच्या कायद्याला तो विरोध होता. मे १९९८ मधील पोखरण अणुचाचण्यांनंतर 'मिलवर्म' या, मुख्यतः किशोरवयीन मुलांच्या गटाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या यंत्रणेत शिरून तेथील पानावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र लावले. दोन देशांमधील तणाव वाढला की दोन्हीकडून एकमेकांच्या संकेतस्थळांवर झेंडे आणि घोषणा झळकतात. एप्रिल २००१ मध्ये अमेरिकी टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाल्यानंतरचे आठवडे याची साक्ष देतात. अशा देशाभिमानी लाटेत विद्रूप झालेली बहुतेक पाने लहान, दुर्लक्षित संस्थांची असतात, कारण शत्रुराष्ट्राचे जे दार सहज उघडते तेच ठोठावले जाते.

पानावर लिहिलेला हेतू खरा मानावा का? सप्टेंबर १९९८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे संकेतस्थळ बदलणाऱ्या गटाने वरवर पोरकट, मुद्दाम वेडेवाकडे स्पेलिंग केलेला मजकूर लावला; पानाच्या मूळ कोडमधील, ब्राउझरमध्ये न दिसणाऱ्या टिपांमध्ये मात्र त्याच गटाचे व्यवस्थित लेखन होते. म्हणजे एकाच पानाचे दोन वाचकवर्ग गृहीत धरलेले होते. जुलै २००१ मध्ये 'कोड रेड' या वर्मने, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, असंख्य सर्व्हरांवर 'चिन्यांनी हॅक केले' अशा अर्थाची ओळ उमटवली. त्या एका ओळीवरून कर्त्याचा देश ठरवणे धाडसाचे होते, आणि लक्ष्यांची निवड तर कोणा माणसाने केलेलीच नव्हती.

प्रसिद्धीची हौस आणि आपसांतील चढाओढ हे हेतू कमी भारदस्त वाटतात, पण त्यांचा वाटा मोठा आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४६२ विद्रूप पाने तपासली असता त्यांपैकी सुमारे ७० टक्के निव्वळ खोडसाळपणाची आढळली. गटाचे नाव, सदस्यांची टोपणनावे, मित्रगटांना सलाम आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला टोमणा असा त्यांचा ठराविक साचा असतो. बदललेले पान काही तासांत दुरुस्त होत असल्यामुळे त्याची प्रत जपणारे संग्रह निर्माण झाले: आधी 'अॅट्रिशन' आणि २००२ पासून 'झोन-एच'. झोन-एचवर स्वतःच्या पराक्रमाची नोंद करणाऱ्याला यादीतून कारणही निवडता येते: गंमत, सूड, राजकारण, देशप्रेम, आव्हान किंवा सर्वश्रेष्ठ डिफेसर होण्याची इच्छा. नोंद ठेवणाऱ्यांनी अशा रीतीने नकळत स्पर्धेचा गुणफलकच उभा केला, हा आरोप निराधार म्हणता येणार नाही. जानेवारी २०१७ मध्ये संकेतस्थळे चालवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमधील एक गंभीर त्रुटी दुरुस्त झाली, परंतु अद्ययावत न केलेल्या संकेतस्थळांवर पुढच्या काही दिवसांत अनेक गट तुटून पडले आणि लाखो पाने बदलली गेली. काही ठिकाणी एका गटाचा संदेश पुसून दुसऱ्याने आपला लावला. संकेतस्थळ कोणाचे आहे याची चौकशी करायला कोणाला सवड होती असे दिसत नाही.

अलीकडे विद्रूपीकरण राज्यसंस्थांच्या हातातील साधन म्हणूनही दिसू लागले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये जॉर्जियातील हजारो संकेतस्थळांवर माजी राष्ट्राध्यक्षांचे छायाचित्र झळकले. ब्रिटन आणि अमेरिकेने त्यामागे रशियाची लष्करी गुप्तचर संस्था असल्याचे पुढील वर्षी जाहीर केले. जानेवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या सुमारे ७० सरकारी संकेतस्थळांवर युक्रेनियन, रशियन आणि पोलिश भाषांत 'घाबरा आणि वाईटाची अपेक्षा ठेवा' अशा आशयाची धमकी लावली गेली. त्याच सुमारास काही यंत्रणांमध्ये संगणकावरील माहिती नष्ट करणारा प्रोग्रॅमही सोडलेला आढळला. दर्शनी गोंगाटामागे गंभीर घातपात दडलेला असू शकतो, ही शक्यता तपासकर्ते तेव्हापासून अधिक गांभीर्याने घेतात.

मूळ पान बॅकअपवरून परत आणणे हे काही मिनिटांचे काम असते. शिरकावाची वाट शोधणे अवघड, आणि ती न शोधता घाईने पान पूर्ववत केले तर सर्व्हरवरील लॉग (घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) व बदललेल्या फायली हे पुरावे पुसले जातात आणि हल्लेखोराने मागे ठेवलेला चोरदरवाजा तसाच राहतो. म्हणूनच एकदा विद्रूप झालेले संकेतस्थळ थोड्याच दिवसांत पुन्हा विद्रूप होणे ही नवलाची गोष्ट नाही; संग्रहांमध्ये अशा नोंदींसाठी वेगळी खूणच ठेवलेली असते.