घरचे ब्रॉडबँड बदलताना अर्ज कुठे अडतो

अधिक वेगाच्या इंटरनेटसाठी कंपनी बदलण्याचा अर्ज भरायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो अर्ज फेटाळला गेल्यावर किंवा नुसताच ‘प्रक्रियेत’ राहिल्यावर. मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते, तसेच येथेही होत असेल आणि नव्या कंपनीला सांगितले की जुनी आपोआप सुटेल, अशी समजूत सर्रास आढळते. युरोपीय संघाच्या २०१८ च्या दूरसंचार संहितेत तशी व्यवस्था आहे: बदलाची सूत्रे नव्या कंपनीकडे असतात आणि मधल्या काळात सेवा एका कामकाजाच्या दिवसापेक्षा जास्त बंद राहू नये, असे बंधन आहे. ब्रिटनमध्येही १२ सप्टेंबर २०२४ पासून ग्राहकाने फक्त नव्या कंपनीशी बोलावे, अशी पद्धत सुरू झाली. जिथे असा नियम नाही तिथे नवी जोडणी घेणे आणि जुनी बंद करणे हे दोन स्वतंत्र व्यवहार असतात आणि त्यांचा मेळ ग्राहकालाच घालावा लागतो. पुढील माहिती प्रामुख्याने अशा ग्राहकांसाठी आहे.

अर्जापूर्वी एक चाचणी

लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. करारातला वेग वायरवर मिळत असेल आणि आतल्या खोलीत मिळत नसेल, तर दोष वाय-फायचा आहे आणि कंपनी बदलून तो जाणार नाही. वायरवरचा आकडा कोणत्याही वेळी ९४-९५ एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) पुढे सरकत नसेल, तर राउटरचे किंवा लॅपटॉपचे पोर्ट, म्हणजे वायर जोडण्याची खाच, १०० एमबीपीएसचे असण्याची किंवा वायरच्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असण्याची शक्यता मोठी असते. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, एक गिगाबिटला आठही लागतात. शिवाय जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरवताना पडद्यावर दिसणारा बहुधा मेगाबाइटमध्ये. एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट दिसतील. ते पाहून ‘कंपनी फसवते’ असा निष्कर्ष काढणारे थोडे नाहीत.

पात्रता: सेवा ‘उपलब्ध’ आहे म्हणजे काय

अर्जदार सज्ञान असावा, त्याची ओळख पटावी आणि पत्त्यावर सेवा देता यावी, इतकीच पात्रता असते. पहिल्या दोन अटी सहज पुऱ्या होतात. अर्ज पडतात ते तिसरीवर. संकेतस्थळावरच्या नकाशात परिसर रंगवलेला असतो, पण जोडणी परिसराला नव्हे तर एका विशिष्ट घराला द्यायची असते. इमारतीपर्यंत फायबर आलेले आहे का, वितरण पेटीत रिकामे पोर्ट आहे का आणि पेटीपासून घरापर्यंत वायर नेण्याचा मार्ग आहे का, हे तीन प्रश्न अर्जापूर्वीच विचारावेत आणि उत्तर संदेशाने किंवा ई-मेलने मागावे. विक्री प्रतिनिधी फोनवर ‘होऊन जाईल’ म्हणतो. तंत्रज्ञ प्रत्यक्ष येऊन ‘पोर्ट शिल्लक नाही’ म्हणतो. आणि तोवर ग्राहकाने आगाऊ रक्कम भरलेली असते.

घरापर्यंत नेमके काय येणार, हेही विचारावे. ‘फायबर’ या शब्दाखाली काही ठिकाणी फायबर केवळ रस्त्यावरच्या पेटीपर्यंत असते आणि पुढे जुनी तांब्याची तार असते; तांब्यावर अंतर वाढेल तसा वेग घटतो. थेट घरात येणारे फायबरही सामायिक असते: जीपॉन या प्रचलित तंत्रात एका वाहिनीचा सुमारे २.५ गिगाबिटचा उतरता (डाउनलोड) आणि १.२५ गिगाबिटचा चढता (अपलोड) वेग अनेक घरांत वाटला जातो. म्हणून जाहिरातीतल्या ‘पर्यंत’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नये. किमान वेग किती, रात्रीच्या गर्दीच्या वेळी तो किती राहतो, अपलोड किती आणि ठरावीक वापरानंतर वेग कमी केला जातो का, या चार प्रश्नांची उत्तरे नियम-अटींच्या पानावर बहुधा असतात. शोधायला मात्र चिकाटी लागते.

आणखी एक अडथळा असा, की त्या पत्त्यावर पूर्वीच्या रहिवाशाची त्याच कंपनीची जोडणी नोंदीत चालूच असते किंवा तिची थकबाकी असते. यंत्रणेला माणूस दिसत नाही, पत्ता दिसतो, आणि अर्ज कारण न देता नामंजूर होतो. असे झाल्यास पुन्हा तोच अर्ज भरण्यात अर्थ नाही. घराचा ताबा कोणत्या तारखेला मिळाला, हे दाखवणारा कागद जोडून पत्त्यावरची जुनी नोंद हटवण्याची लेखी विनंती करावी.

कागदपत्रे

ओळखीचा पुरावा आणि जोडणीच्या पत्त्याचा पुरावा ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत. ओळखपत्रावर गावचा किंवा जुना पत्ता असला, तर ते ओळखीसाठी चालते, पत्त्यासाठी चालत नाही. ओळखपत्र आधीच दिले आहे, असे सांगून वाद घालण्याचा उपयोग होत नाही. नावाचे स्पेलिंग दोन्ही कागदांवर जुळावे. एका कागदावर पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर आद्याक्षरे, किंवा लग्नापूर्वीचे आणि नंतरचे नाव, एवढ्या कारणावरून अर्ज परत येतात. हे हास्यास्पद आहे खरे, पण तपासणारी व्यक्ती सहसा कंपनीची नसून बाहेरची असते आणि तिला जुळते किंवा जुळत नाही एवढेच नोंदवायचे असते.

भाडेकरूंची अडचण अधिक गंभीर आहे. वीजबिल मालकाच्या नावावर, भाडेकरार दोघांपैकी एकाच्या नावावर आणि अर्ज दुसऱ्याच्या नावावर, ही नित्याची स्थिती. ज्याच्या नावावर करार आहे त्यानेच अर्ज करणे हा सोपा उपाय लोकांना उशिरा सुचतो. कराराची मुदत संपत आली असेल तर आधी त्याचे नूतनीकरण करावे, कारण काही आठवड्यांत संपणाऱ्या करारावर वर्षभराची योजना देण्यास कंपन्या कचरतात.

ज्याचा विचार आधी कोणीच करत नाही असा कागद म्हणजे वायर टाकण्याची परवानगी. इमारतीच्या व्यवस्थापनाने सामायिक जिन्यातून वा डक्टमधून केबल नेऊ देणे आणि घरमालकाने भिंतीला छिद्र पाडू देणे, या दोन परवानग्या आहेत आणि एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. अर्जाच्या यादीत त्या नसतात. तंत्रज्ञ दारात उभा असताना त्या आठवतात, तो निघून जातो आणि पुढची तारीख मिळेपर्यंत वाट पाहावी लागते. मालकाकडून चार ओळींचे ना-हरकत पत्र घ्यावे आणि त्यात केबल कोणत्या भिंतीतून येईल हे स्पष्ट लिहून घ्यावे.

जुनी जोडणी दिवंगत व्यक्तीच्या नावावर असेल, तर ती बंद करायला मृत्यूचा दाखला आणि अर्जदाराचे नाते दाखवणारा पुरावा लागतो. वर्षानुवर्षे वडिलांच्या नावानेच बिल भरत राहिलेल्या कुटुंबांना बंद करण्याच्या दिवशी हा धक्का बसतो. एरवी घाई नसताना नाव बदलून घेतलेले बरे.

चुकीच्या वाचल्या जाणाऱ्या तारखा

जोडणी किमान किती काळ ठेवायची हा करारातला किमान कालावधी अर्जाच्या तारखेपासून नव्हे, तर सेवा सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजला जातो. मध्यंतरी मोठा प्लॅन घेतला असेल किंवा मोफत राउटर स्वीकारला असेल, तर तो कालावधी पुन्हा शून्यापासून सुरू झालेला असू शकतो, आणि ही माहिती फोनवर कोणी देत नाही. म्हणून मूळ करारावर विसंबून न राहता सध्याची मुदत समाप्तीची तारीख कंपनीकडून लेखी मागवावी.

पूर्वसूचनेचे दिवसही असेच फसवे असतात. तीस दिवसांची सूचना ही आपण फोन केला त्या दिवसापासून नव्हे, तर कंपनीने ती नोंदवली त्या दिवसापासून, आणि काही करारांत तर पुढच्या बिलचक्राच्या पहिल्या दिवसापासून धरली जाते. महिन्याच्या २ तारखेला सूचना दिली आणि चक्र १ तारखेला सुरू होत असेल, तर अशा करारात जवळजवळ दोन महिन्यांचे पैसे द्यावे लागतात. दोन दिवस आधी दिली असती, तर एक महिना वाचला असता.

बँकेतून आपोआप जाणारी रक्कम थांबवणे म्हणजे जोडणी बंद करणे नव्हे. पैसे थांबतात, बिले थांबत नाहीत. ती थकबाकी म्हणून साचतात आणि वसुलीचा फोन येतो तेव्हा ग्राहकाकडे दाखवायला बंद करण्याचा अर्जच नसतो. अंतिम बिल येऊन भरले जाईपर्यंत बँकेतली व्यवस्था तशीच ठेवावी आणि नंतर ती आठवणीने रद्द करावी.

आधी नवी, मग जुनी

शक्य असेल तेव्हा नवी जोडणी सुरू होऊन आठवडाभर नीट चालल्यावरच जुनीची सूचना द्यावी. काही दिवस दोन्हीकडे पैसे जातात, आणि ते वाचवण्याच्या नादात लोक घरात इंटरनेटशिवाय बसतात. याला दोन अपवाद आहेत. दोन्ही कंपन्या तांब्याच्या तारांच्या एकाच जोडीवरून सेवा देत असतील, तर दोन्ही एकाच वेळी चालू शकत नाहीत आणि हस्तांतर नव्या कंपनीमार्फतच करावे लागते. आणि जोडणीबरोबर दूरध्वनी क्रमांक असून तो पुढे न्यायचा असेल व तशी सोय उपलब्ध असेल, तर जुनी सेवा आपण होऊन मुळीच बंद करू नये. क्रमांक एकदा बंद झाला की तो परत मिळेलच असे नाही.

जुन्या कंपनीने दिलेला ई-मेल पत्ता वापरात असेल, तर बँक आणि इतर ठिकाणी तो आधी बदलावा. बाहेरून घरचा कॅमेरा किंवा संगणक पाहणाऱ्यांनी नवी कंपनी स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर आपली जोडणी ओळखणारा क्रमांक) देते का, हे विचारावे. राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेत असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि बाहेरून थेट जोडता येणार नाही.

जोडणीचा दिवस आणि उपकरणांची पोच

तंत्रज्ञ ‘काम पूर्ण’ नोंदवण्यासाठी मोबाइलवर आलेला संकेतांक मागतो. तो वायरवर वेग मोजल्याशिवाय देऊ नये, कारण त्यानंतर बिल सुरू होते आणि उरलेले काम ‘तक्रार’ ठरते. तंत्रज्ञाला घाई असते आणि ती त्याची चूक नसते. त्याला दिवसभरात अनेक घरे दिलेली असतात. तरीही दोन मिनिटे थांबवून घ्यावे.

जुन्या कंपनीचा राउटर, फायबरची पेटी आणि त्यांचे अडॅप्टर परत करताना अनुक्रमांकांची छायाचित्रे काढावीत आणि त्या अनुक्रमांकांसह पोच घ्यावी. ‘एक राउटर मिळाला’ एवढीच पोच निरुपयोगी आहे, कारण पेटी परत न केल्याची रक्कम अनामतीतून वजा होते आणि ती दिली होती हे सिद्ध करता येत नाही. कोणी न्यायलाच आले नाही, तर उपकरणे तयार असल्याचे तारखेसह लेखी कळवावे.

शेवटी सेवा बंद झाल्याचे आणि थकबाकी नसल्याचे पत्र मागावे. ते मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागितल्यावरही पुष्कळदा ‘खाते बंद दिसते आहे’ एवढे तोंडी उत्तर मिळते. तेवढ्यावर समाधान मानू नये. अनामत ठरलेल्या मुदतीत परत न आल्यास आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग तिच्या अपील अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर नियामक व्यवस्थेने नेमून दिलेल्या ठिकाणी जावे लागते. पायरी वगळून गेल्यास अर्ज परत येतो. म्हणून पहिल्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख संदेशाने मागून घ्यावी, फोनवर ऐकून वहीत लिहिलेला क्रमांक पुढे ग्राह्य धरला जाईलच असे नाही.